भाटल्यातला फो

भाटल्याच्या उतारावर, रुझार शिंप्याच्या जुन्या दुकानात
पाटी लागली: फो.
खाली एक वाडगा, वाफेच्या तीन रेघा.

मी वाचलं, फोव. म्हणजे पोहे.
रंगाऱ्याने शेवटचा व खाल्ला असणार.
एकतीस वर्षं मुद्रितं तपासतोय,
खाल्लेली अक्षरं मला लांबून दिसतात.

त्यात सोमवार. म्हणजे शिवराक.
म्हणून आत शिरलो.

चार टेबलं. एक शिलाई मशीनचं,
पायदान अजून हलतं,
बसलं की आपला पाय आपोआप चालू लागतो.
फ्रिजवर सायबीण, तिच्यापुढे उदबत्ती,
आणि एका जहाज कंपनीचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर.

"तिखशे की गोडशे?" मी विचारलं.
बाई नुसती हसली.
आतून तिचा नवरा कायतान ओरडला,
"पात्रांव, हे फोव न्हय! सूप! सूपांत शेवयो!"

वीस वर्षं तो बोटीच्या इंजिनात होता.
हायफाँगच्या गोदीत बोट बिघडली, अकरा दिवस.
रोज सकाळी एकाच गाड्यावर सूप.
बाराव्या दिवशी बोट दुरुस्त झाली,
हा झाला नाही.

"आज सोमवार," मी म्हटलं.
लिएनला सोमवार ठाऊक होता.
अर्ध्या भाटल्याचा सोमवार ती वेगळ्या पातेल्यात शिजवते:
अळंबी, मुळा, जाळावर करपवलेला कांदा, आलं, चक्रीफूल.
मासळीचं पाणीसुद्धा नाही.
वास अर्ध्या वाटेपर्यंत शागोतीचा आला,
मग वळला आणि कुठल्या तरी दुसऱ्याच गावात शिरला.

ताटलीत लिंबाची फोड, मिरची, आणि एक डहाळी.
तुळस!
मी हात मागे घेतला.
"तुळस नाही, सब्जा," लिएन म्हणाली.
"कुझीन," कायतान म्हणाला.
तरीही पानं तोडताना मी
कॅलेंडरातल्या बोटीकडे पाहत राहिलो.

काड्यांतून शेवया सुटत होत्या.
कुणी न मागता बसप्पाने काटा आणून ठेवला,
आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.
हे सगळ्यांना जमत नाही.

पैसे देताना जुनी खोड:
"तुमची पाटी चुकली आहे. नीट लिहून देतो.
शब्द एकदा म्हणून दाखवा."

तिने म्हटला.
फो नव्हता तो. फ नव्हता, फा तर नव्हताच.
ओठ सपाट, तोंड अर्धं उघडं,
आवाज जरा खाली उतरून वर येणारा,
हाक मारल्यावर कुणी "हं?" म्हणावं तसा.

मी म्हटला. ती म्हणाली, नाही.
परत म्हटला. बसप्पा तोंड फिरवून हसला.
पाचव्यांदा ती म्हणाली, जवळ आलात,
पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

मग बिलाच्या पाठीवर तिने लिहून दाखवलं:
ओच्या कानामागे एक शेपूट,
आणि डोक्यावर टिंब हरवलेलं
इवलंसं प्रश्नचिन्ह.
"हा शब्द विचारायचा," ती म्हणाली, "सांगायचा नाही."

खिशातलं लाल पेन मी उघडलं.
चौदाच्या चौदा स्वर लावून पाहिले.
एकही बसला नाही.

शुक्रवारी संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं होतं.
केंकरे, पुढच्या महिन्यापासून हे काम यंत्र करील.
मी बरं म्हणालो होतो, पूर्णविरामासकट.

पेन मिटलं. "राहू दे पाटी."
"म्हणजे बरोबर आसा?" कायतानने विचारलं.
"नाही."

उतार चढताना शब्द तोंडात घोळवत होतो,
खाली उतरवून वर, खाली उतरवून वर.
एकदा बहुधा बरा निघाला,
कारण बाल्कांवात मिरच्या निवडणाऱ्या बाईने
मान वर करून विचारलं,
"कितें जाय?"

मला सांगता येईना.
पावणेतीन वाजले होते.
पहिलं पान चारला येतं.